माहेरचं नाव

आज पुतणीच्या लग्नात नवरदेवानं ताटातल्या तांदळावर अंगठीने तिचं सासरचं नवं नाव लिहिलं. मी पंगतीतून अर्ध्या ताटावरनं उठले.

काही वर्षांमागं माझी लेक कुसुम परदेशात पोटुशी होती. "आई, सांगलीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानाच्या ईमेलवर माझा फोटो धाडलाय, जाऊन बघ," असं फोनवर म्हणाली होती. त्या दुकानात चपला दाराशी काढायला लावायचे. आतली फरशी पायाला गार लागत होती.

"मावशी, पत्र कुणाचं?" दुकानातल्या पोरानं विचारलं.

"माझ्या कुसुमचं."

"कुसुम कुठं हाय हितं? ही कोण वैशाली, वर फाइल जोडलीया. अनोळखी पत्र उघडलं की व्हायरस शिरतोय, सगळं मशीन बसतंय." त्याने ते पुसून टाकलं. मी मान हलवून बाहेर पडले.

तासगावच्या एसटीत बसल्यावर आठवलं, सासरी तिचं नाव वैशाली ठेवलं होतं. आम्ही ते कधी तोंडी घेतलंच नव्हतं. तिला पुन्हा धाड म्हणायची मला लाज वाटली.

पुढच्या महिन्यात कुसुम बाळंतपणात गेली. जावयांनी फोनवर विचारलं, "रोज म्हणायची, आईला फोटो आवडला असंल का? मिळाला हुता न्हवं?"

मी व्हय म्हणाले. फोटोत ती कशी दिसत होती, ते मला आजही माहीत नाही.