जर्द्यातली माती

आमच्या निपाणीच्या बाजूला तंबाखू पिकते. पान वाळवून, कुटून त्याचा जर्दा करायचा आणि पोत्यांत भरून व्यापाऱ्याला घालायचा. लग्न होऊन आले त्याच सुगीला सासूने मला माती चाळायला बसवलं. टेकाडावरची तांबूस माती पिठासारखी चाळून पोत्याच्या तळच्या जर्द्यात मिसळायची, म्हणजे वजन भरतं.

"सगळं गाव घालतंय. आपुनच येडं ठरायचं व्हय?" सासू म्हणाली.

मी इतकी बारीक चाळायची की सासू शेजारणींना बोलावून दाखवायची. मला त्याचा तोरा होता. हे लिहिताना लाज वाटते, पण होता.

गावात एकटी शेजारची आक्का माती घालत नव्हती. विधवा बाई, दुसऱ्याचं रान खंडानं करायची, वर्षाला ठरलेले पैसे मालकाला द्यायची. बाया तिला चिडवायच्या, "आक्का, पोत्यावर धोंडा ठेव गं, वाऱ्यानं उडंल!"

"उडू दे की. तुमचं तर जाग्यावरनं हलंना," ती म्हणायची.

तिसऱ्या वर्षी व्यापारी आला तो चिडूनच. मागची पोती वखारीत रिकामी केली, तेव्हा त्याला तळ दिसला होता. त्यानं साऱ्या गावाला एकच पडेल दर सांगितला. त्या दरात आक्काचा खंड भागणार नव्हता आणि रान हातचं जाणार होतं.

"माझं पोतं वतून बघा," ती म्हणाली.

"किती जणांची ओतत बसू? वरनं सगळ्यांचाच माल चांगला असतो."

आक्कानं माझ्याकडे बोट केलं. "हिला इचारा. भिंतीला भिंत हाय आमची."

व्यापारी वळला. आक्काचा माल चोख आहे म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आमच्या पोत्याचा होता. सासू मागे उभी होती.

"मला काय ठावं न्हाय," मी म्हणाले.

आक्काचं निम्मं रान गेलं. पुढच्या सुगीला ती आमच्या दारात आली.

"तुझी बारीक चाळण दे गं."

मी दिली.

त्या वर्षी व्यापारी आलाच नाही. तो गुजरातकडचा माल घेतो असं कळलं. गावानं त्याला शिव्या घातल्या, मीही घातल्या. आक्कानं चाळण परत आणून दिली, ती धुऊन, पुसून.