थंडीत बंद पडणारी आमची गाडी

आमच्या गाडीला कुणी म्हातारी म्हटलेलं मला खपत नाही. ती जुनी आहे, आणि जुनं असणं हा गुन्हा नाही. पण रायपुरात हल्ली ज्याच्या त्याच्या दारात उंच, पांढऱ्या, चकचकीत गाड्या आल्यात आणि त्यांच्या मालकांना दुसऱ्याची जुनी गाडी दिसली की सल्ला द्यायची सुरसुरी येते. "दीदी, इसको कब तक चलाओगी?" मी सांगते, माझे हातपाय चालतात तोवर.

गाडी बाबांची. बाबा रेल्वेच्या शेडमध्ये इंजिनं दुरुस्त करायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही घेतली आणि मला तिच्यावरच चालवायला शिकवलं. ते गेल्यावर पुरानी बस्तीतल्या घरात मी आणि आई उरलो. मी लग्न केलं नाही. काही नातेवाइकांच्या मते तोही एक न निघालेला बिघाडच. माझं ऑफिस शहराबाहेर वसवलेल्या नवा रायपुरात. तिकडचे रस्ते इतके रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही, आणि बस मात्र तिच्या मनात येईल तेव्हा येते. त्यामुळे गाडी म्हणजे माझी नोकरी, घरचा बाजार, आईचा दवाखाना, आणि कुणाला न विचारता घराबाहेर पडायची सोय. यातली शेवटची गोष्ट मला सगळ्यांत प्यारी.

गेल्या हिवाळ्यात तिने त्रास द्यायला सुरुवात केली. सकाळी चावी फिरवली की लगेच सुरू व्हायची, थोडं गुरगुरायची, मग हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची आणि बंद. ॲक्सिलरेटर दाबून धरला तर तग धरायची, पाय उचलला की मेली. सिग्नलला उभी राहिली की स्टिअरिंगपासून आरशापर्यंत सगळं लटलट कापायचं. आणि ऑफिस येईपर्यंत इंजिन तापलं की अशी शहाण्यासारखी चालायची की तक्रार करणारी मीच खोटी ठरावी.

मेकॅनिक झाले. एकाने प्लग बदलले, दुसऱ्याने बॅटरी. तिसऱ्याकडे बीरगांवला गेले. त्याने बॉनेटमध्ये बराच वेळ डोकं घातलं, पेट्रोलची आणि हवेची वाट साफ केली आणि शेवटी हात पुसत म्हणाला, "इंजन बैठ गया है दीदी."

"बैठ गया है तो गरम होने पर खड़ा कैसे हो जाता है, भैया?"

तो हसला. "हव, ये बात तो है."

प्रश्न बरोबर आहे एवढं तरी त्याने मानलं. माझ्या भावाने तेवढंही मानलं नाही. दादा माझ्याहून मोठा, नवा रायपुरात फ्लॅट घेऊन राहतो, आणि आम्ही मराठीत बोललो तरी हिंदीत उत्तर देतो. "बेच दो ना. मैं छोड़ दिया करूँगा तुझे ऑफिस." म्हणजे तो निघेल तेव्हा मी निघायचं, तो परतेल तेव्हा परतायचं, आणि वर्षभर त्याचे उपकार मानायचे. मी सरळ नाही म्हटलं.

पण मग गाडीच फितूर झाली. आईला गुडघ्याच्या डॉक्टरकडे नेत होते, आणि भर चौकात, सिग्नल हिरवा झाल्यावर गाडीने मान टाकली. मागे हॉर्नचा कल्ला. एकजण काच खाली करून ओरडला, "कबाड़ में दो इसको!" आई पदराने तोंड झाकून बसली. तिला लाज वाटली हे मला जास्त लागलं. घरी आल्यावर ती म्हणाली, "मी या डब्यात पुन्हा पाय ठेवणार नाही. विकून टाका."

बाबांनंतर गाडी आईच्या नावावर झाली होती. तिने विका म्हटलं की विषय संपला. दादाने लगेच फोन फिरवले आणि रविवारी सकाळी गाड्या घेणारा एक माणूस घेऊन येतो असं कळवलं. त्या दिवशी मी मोरीत नळ सोडून रडले. दुःखाने कमी, संतापाने जास्त.

शनिवारी मला सुटी होती. आता जी काय परीक्षा घ्यायची ती मीच घेणार, असं ठरवून सकाळच्या गारठ्यातच मी अंगणात बॉनेट उघडलं. बाबा म्हणायचे, "दुखण्याले आधी विचारावं, केव्हा दुखते. कुठं दुखते ते मंग." हिला थंडीत दुखत होतं. प्लग काही थंडी-उन्हाळा बघून वागत नाहीत. मग गार असताना वेगळं आणि तापल्यावर वेगळं वागतं ते काय? माझ्या डोक्यात आलं ते रबर. गारठ्यात ते ताठरतं, उन्हात मऊ पडतं. घरातल्या प्रेशर कुकरच्या रिंगनेही मला हे कितीदा शिकवलं होतं.

इंजिन सुरू केलं. एक वीट ॲक्सिलरेटरवर हलकेच टेकवली, म्हणजे बंद पडायला नको. मग झाडांना पाणी घालायच्या पाइपाचा तुकडा घेतला, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं पंख्यापासून लांब ठेवून एकेका नळीवरून फिरवलं. शेडमध्ये बाबा असंच ऐकायचे. सगळीकडे नुसती धडधड. एका जागी मात्र बारीक, सतत "स्स्स". कुणीतरी दात आवळून श्वास ओढावा तसं.

ती जागा मौलीखाली होती.

हे जरा सांगायला हवं. खंडेनवमीला लोक स्टिअरिंगला हार घालतात, बॉनेटवर स्वस्तिक काढतात. बाबांना ते मान्य नव्हतं. शेडमधला माणूस तो. पूजा करायची तर जे राबतं त्या इंजिनाची करा, म्हणायचे. म्हणून दर खंडेनवमीला आमचं बॉनेट उघडायचं, हळदकुंकू आत लागायचं आणि बाबांनी हातात दिलेला मौलीचा लाल-पिवळा धागा आई इंजिनाला बांधायची. तिचा हात जिथे सहज पोचेल तिथे, म्हणजे समोरच्याच एका बोटभर जाडीच्या रबरी नळीला. गाठ घट्ट, कारण सैल गाठीची पूजा लागत नाही. आणि पूजेचा धागा कापायचा नाही, तो आपोआप गळू द्यायचा. बॉनेटखाली ना ऊन ना पाऊस, गळतोय कशाला! वर्षावर वर्ष चढत त्याचा काळपट, तेलकट गोळा झाला होता. प्रत्येक मेकॅनिकने त्याला बघून आधी नमस्कार केला आणि हात आजूबाजूने फिरवला.

मी तो गोळा मुठीत धरला आणि आवळला.

इंजिन शांत झालं. सोडलं, पुन्हा थरथर. आवळलं, शांत. मी एकटीच अंगणात मोठ्याने हसले. नळीला भेग होती, तिथून नको ती हवा आत जात होती. गारठ्यात भेग उघडी, तापल्यावर रबर मऊ होऊन बुजलेली. इंजिन बसलं नव्हतं, त्याला दम लागत होता.

मी कात्री आणली तेवढ्यात आई काठी टेकत दारात आली.

"हात नको लावू त्याले! तुह्या बाबानं दिलेला धागा आहे त्याच्यात."

"कापल्याबिगर नळी निघत नाही, आई."

"मंग नको काढू. उद्या विकूनच राहिलो."

"विकायची तर विक. पण आधी हे मुठीत धर."

"काहून?"

"धर तं."

तिने कुरकुरत काठी माझ्याकडे दिली आणि गोळा धरला. मी ॲक्सिलरेटरवरची वीट काढून घेतली. आईने मूठ आवळली तशी गाडी एका लयीत चालू लागली. "सोड," मी म्हटलं. गाडी कापायला लागली, आता बंद पडते की काय असं झालं. आईने न सांगता पुन्हा घट्ट धरलं. "नळी तुह्या गाठीखालीच चिरली, आई," मी म्हटलं. तिचा चेहरा बदलला.

"म्हणजे मीच गळा आवळून राहिली होती हिचा?"

मी चावी फिरवून इंजिन बंद केलं. तिने दुसरा हात पुढे केला. "दे कात्री. मी बांधले, मीच कापीन."

एकेक थर निघाला. सगळ्यांत खाली धागा रबरात रुतून बसला होता, आणि तिथेच नळी अर्धी चिरली होती. आईने सगळे धागे जुन्या ब्लाउजच्या कापडात बांधले. मी बाजारातून नळी आणली, क्लिपा आवळल्या, आणि मुद्दाम इंजिन सुरू केलं नाही. तापलेल्या इंजिनावर मला पास व्हायचं नव्हतं.

रविवारी सकाळी चांगलंच गार होतं. दादा आला आणि त्याची मोठी गाडी आमच्या फाटकासमोर आडवी लावली, गल्लीच बंद. सोबतच्या माणसाने आमच्या गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ घातली आणि नाक मुरडून म्हणाला, "स्टार्ट होती है क्या?"

मी चावी फिरवली. पाय ॲक्सिलरेटरवर ठेवलाच नाही. ती सुरू झाली, आणि सुरूच राहिली. आरसासुद्धा हलला नाही.

दादा म्हणाला, "अभी बंद होगी, देखना." आम्ही सगळे वाट बघत उभे राहिलो. तेवढ्यात आई शाल गुंडाळून बाहेर आली, दार उघडून पुढच्या सीटवर बसली आणि मांडीवर ते गाठोडं ठेवलं.

"आई, तू कहाँ? उतर ना. ये देखने आए हैं."

"महादेव घाटावर. हे नदीत सोडाचं आहे."

"मैं छोड़ देता हूँ ना, मेरी गाड़ी में चल. और ये कबाड़..." मग त्याने पेट्रोल, टायर, विमा, लोक काय म्हणतात, सगळं काढलं. आई ऐकत होती. गाडीही ऐकत होती, हळू, एका सुरात, आणि तो दमून थांबला तरी ती थांबली नाही.

आईने काच खाली केली.

"बोलून झालं? मंग आधी तुही गाडी काढ. आमची चालू आहे."