ट्रॅक्टरवरची खोली

आजवर कोणालाच सांगितलं नाही, पण उमरोळीच्या एका ट्रॅक्टरवाल्याचा मला हेवा वाटायचा. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. मी पहाटे स्कूटरने बोईसरच्या कारखान्यात निघालो की तो रस्त्यात दिसायचाच. मागे ट्रॉलीत वांगी-मिरच्या आणि शेजारी मडगार्डवर बायको. दोघांची बडबड इंजिनाच्या आवाजातही ऐकू यायची. थंडीच्या वाऱ्याने तिचा कान ठणकायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी तिला बाजाराला जाणं बंद करायला सांगितलं. ती ऐकेना.

मग त्याने ट्रॅक्टरवर खोलीच बांधायला घेतली. रंगाचे डबे कापून सरळ केलेला पत्रा, पुढे जुन्या बसची काच, फटींत चिंध्या. एका रविवारी पिशवी घेऊन एकटाच बाजाराला निघालो होतो, बघायला थांबलो. तो आत बसून बिडी ओढत होता. धूर जिकडे पळेल तिकडे फट, असा त्याचा हिशोब. शेवटी धूर आतच घुटमळला आणि तो खोकत, हसत बाहेर आला.

"बस गो, राणीसायबा!" त्याने बायकोला हाक मारली.

ती ऐटीत बसली आणि लगेच करवादली, "माज्या बाजूला नुसता पत्रा? बाजारात मला कोन बघल?"

त्याने तिच्या बाजूच्या पत्र्यात खिडकी कापायला घेतली. ती माझ्याकडे वळली. "तुमची नाय येत बाजाराला?"

"थंडी असते ना."

"असं ती बोलली का तुमी?"

मीच बोललो होतो. तिला कधी विचारलंही नव्हतं. बोईसरच्या बाजाराची एक फेरी मी बायकोला अजून देणं लागतो.