पन्नास पावलं

"मॅडम, शेवटी तुम्हाला काय दिसलं?"

हा प्रश्न रेवतीचा नाही, तिच्या वर्गातल्या गौतमीचा. शाळेच्या नळावर ओंजळीनं पाणी पिता पिता तिनं सगळ्यांसमोर पैज लावली. "देशमाने मॅडम आल्या तर तुझ्याच स्वप्नात येणार बघ. तू कॅप्टन ना त्यांची! आल्या की विचार. नाही विचारलंस तर फुसकी तू."

आणि रेवती शिंगटे पैजेला नाही म्हणत नाही. दिवाळीपर्यंत वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत देणारी पोरगी ती. मॅडमनी खो-खोच्या टीममध्ये घेतल्यापासून तिचा आवाज ग्राउंडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. "विचारते की, घाबरते काय," ती म्हणाली. आणि नळ बंद करायला विसरली.

आज रविवार. दुपारचं जेवण होऊन ती सतरंजीवर आडवी झालीय. बाहेर ओट्यावर आई शेंगा फोडतेय. टक्. टक्. मॅडमना जाऊन बारा दिवस झाले, रेवती एकदाही रडली नाही. दाढ काढताना सुई दिल्यावर गाल कसा आपला वाटत नाही, तसं तिचं सगळं अंग झालंय. टक्. टक्. डोळे मिटतात, आवाज लांब जातो, आणि टक् म्हणजे आता शेंग नसते, ग्राउंडवर पडणारं पाऊल असतं.

"शिंगटे! उभ्या उभ्या झोपतेस काय?"

मॅडम ग्राउंड आखतायत. निळा ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, हातात फक्कीची बादली. कुठं खरचटलेलंसुद्धा नाही. फक्त एका पायात बूट नाही.

"मॅडम, तुम्ही तर..."

"हो, माहितीय मला. चल, बादली धर."

पांढरी रेघ पुढं पुढं जाते. नववीच्या बाकांखालून जाते, रेवतीच्या स्वयंपाकघरात शिरते, गॅसच्या शेगडीला वळसा घालते, मागचं दार ओलांडते आणि पलीकडे हायवे आहे. दिवेलागणीची वेळ. कडेला आप्पांचा ट्रक उभा आहे, स्प्रिंगचा पाटा तुटून एका अंगाला कललेला. रेवतीला हे सगळं ठाऊक आहे. बारा दिवसांपूर्वी डबा घेऊन ती इथंच आली होती, सायकल भन्नाट हाणत, कधी एकदा सांगतेय असं झालं होतं तिला.

ट्रकखालून आप्पांचे नुसते पाय दिसतात. आतून आवाज येतो, त्या दिवशीसारखाच. "आगं, आधी डहाळा ठिव मागं. पन्नास पावलांवर. चार दगडं बी लाव."

"ठेवते हो! पण आप्पा, ऐका तरी, मला कॅप्टन केलं!"

बंद पडलेल्या गाडीमागं डहाळा ठेवायचा, हे ट्रकवाल्याच्या पोरीला शिकवावं लागत नाही. पण सांगायची घाई एवढी, की पाच पावलं चालून तिनं डहाळा टाकला, चार दगड लावले आणि पळत परत आली.

"मोज," मॅडम म्हणतात.

रेवती मोजते. एक, दोन, तीन, चार, पाच. पायाला करंजाचा पाला लागतो.

"आणि पोलिसांच्या कागदावर किती आहेत?"

"पन्नास."

"पाय फुटले वाटतं डहाळ्याला?"

रेवती हसते आणि हसणं मध्येच थांबतं. मॅडमची गाडी मागून ट्रकवर आदळली तेव्हा आप्पा डबा खायला कडेला बसले होते. पोलीस यायच्या आत त्यांनी डहाळा उचलून मागं नेला होता. परत आले आणि म्हणाले, "तुझं नाव कुटं यायला नको. कुणी इचारलं तर पन्नास म्हणायचं." म्हणून आता गाव म्हणतं, एवढ्या लांबून खूण दिसत असताना गाडी धडकली, म्हणजे बाई मोबाईलवर असणार. मॅडमच्या नवऱ्यालाही आता तसंच वाटायला लागलंय.

"तुला काहीतरी विचारायचं होतं ना? पैज लागलीय म्हणे."

मॅडम आता गाडीत बसल्यात. त्यांची छोटी पांढरी गाडी, मागच्या सीटवर टीमचे नवे शर्ट. मोबाईल त्या शर्टांच्या पिशवीत, चेन लावलेल्या कप्प्यात.

रेवती खिडकीशी वाकते. "मॅडम, शेवटी तुम्हाला काय दिसलं?"

"डहाळा दिसला," मॅडम साधेपणानं सांगतात, हजेरी घेतल्यासारखं. "दिसला गं. लगेच ब्रेकवर पाय दिला मी. पण पुढं जागाच नव्हती."

त्यांच्या आवाजात राग नाही. तो असता तर बरं झालं असतं. त्या शिट्टी तोंडात धरतात, पण वाजते ती

टक्.

शेंग. सतरंजी. उन्हाचा पट्टा भिंतीवर सरकलाय. रेवती उठून बसते, पाय जवळ घेते. दोन्ही तळवे पांढरे आहेत. ती बोटानं पुसून बघते, वास घेते. फक्की. बारा दिवसांत ग्राउंड कुणी आखलेलं नाही.

ती तशीच ओट्यावर येते. फरशीवर पांढरी पावलं उमटत येतात. आईचा हात शेंगांवर थांबतो. जोत्यावर दाढी करत बसलेले आप्पा आरशातून बघतात.

"पायाला काय फासलंयस गं?" आई विचारते.

"आप्पा, आई, मी उद्या शाळेत जायच्या आधी चौकीत जाणार आहे," रेवती म्हणते, ग्राउंडवरच्या आवाजात. "डहाळा पाच पावलांवर होता. मी ठेवला होता. आणि तिथनं मॅडमच्या घरी जाणार आहे. तुम्ही आलात तर बरं, नाहीतर मी एकटी जाईन."