डोहात गेलेला कॅमेरा

नेवाशात मच्छिंद्रचा फोटो स्टुडिओ म्हणजे एक अरुंद खोली, मागे रंगवलेल्या कारंज्याचा पडदा आणि डुगडुगणारं स्टूल. पण आसपासच्या गावांत लग्न ठरलं की आधी भटजी आणि मग मच्छिंद्र. नवरदेवाची हनुवटी दोन बोटांनी उचलून "हां, असंच, हलू नका," म्हणायचा मान त्याला एकट्यालाच होता, आणि त्या मानाची त्याला चटक लागली होती.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात आसारामच्या दुकानापुढे गर्दी दिसली, म्हणून तोही डोकावला. आसाराम खतांचं दुकान चालवायचा; दोघं शाळेपासूनचे सोबती. त्याचा मेहुणा बोटीवर नोकरीला होता. त्याने परदेशातून पाण्यात चालणारा कॅमेरा आणला होता आणि आसाराम तो भरल्या बादलीत बुडवून दाखवत होता. काळा, जड, भिंगापुढे जाड काच. त्याच्यावरून पाणी ओघळत होतं आणि मच्छिंद्रची नजर त्यावरून हटेना.

"आता पाऊस पडला तरी लग्नाचे फोटो हुणार म्हना की!" गर्दीतलं कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मच्छिंद्रही हसला आणि घरी येऊन न जेवता आडवा झाला.

"अवं, त्याच्याकडं आला म्हणून तुमचा काय मोडला का?" बायकोने, मनकर्णाने विचारलं.

"तुला न्हाई कळायचं," म्हणून त्याने कूस बदलली.

भादव्यात प्रवरेला चांगलं पाणी आलं. सायकल दुकानवाल्या छगनने ट्रकच्या ट्यूबा बांबूंना बांधून तराफा केला आणि तिघांनी नदीतून प्रवरासंगमापर्यंत जायचं ठरलं. मच्छिंद्र गळ्यात आपला कॅमेरा अडकवून आला, तर आसाराम म्हणाला, "मच्छ्या, तो डबा घरी ठेव, भिजंल. आज तुझा फोटो मी काढतो."

मच्छिंद्र परत जाऊन कॅमेरा घरी ठेवून आला. तराफा प्रवाहाला लागल्यावर आसारामने त्याला पुढच्या टोकाला बसवलं. "हनुवटी वर कर. हां, असंच. हलू नको." मच्छिंद्रच्या अंगाची लाही झाली, पण तो हलला नाही.

पुढच्या वळणाला पाण्याखालच्या खडकाने एक ट्यूब फाडली आणि तराफा उलटला. छगन गटांगळ्या खात पाण्याच्या ओढीला लागला. आसारामने दोन्ही हातांनी त्याला धरलं, काठाकडे रेटलं. तेवढ्यात आसारामच्या गळ्यातला पट्टा निसटला आणि कॅमेरा खालच्या डोहात गेला. छगन काठावर ओकत पडला होता आणि आसाराम पुन्हा पुन्हा बुड्या मारून रिकाम्या हाताने वर येत होता. पोहून काठाला लागून दरडीवर बसलेल्या मच्छिंद्रच्या मनात शब्द उमटले, बरं झालं. इतके स्पष्ट, की ते तोंडातून तर निघाले नाहीत ना, म्हणून त्याने छगनकडे पाहिलं.

आता सगळं पहिल्यासारखं होईल, असं त्याला वाटलं. झालं भलतंच. आसारामने कॅमेरा सोडला पण माणूस सोडला नाही, हे गावभर झालं. लग्नात लोक मच्छिंद्रला घेरायचे, "तुमी हुता ना तिथं? सांगा की, कसं धरलं आसारामनं?" वर्‍हाड ताटकळत असताना त्याला ते सगळं रंगवून सांगावं लागायचं. वस्तू गेली तरी तिचा मान आसारामचाच! बरं, आसाराम त्या कॅमेऱ्याचं नावही काढत नव्हता. एवढी वस्तू गमावून हा माणूस जेवतो, हसतो, झोपतो कसा, हे मच्छिंद्रला सोसवेना.

पुढे दुष्काळ पडला. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्या डोहाचा नुसता चिखल उरला. लग्नं तशीही थांबली होती. मच्छिंद्र रोज सकाळी कुदळ घेऊन नदीत उतरू लागला. विचारलं तर सांगायचा, पिण्याच्या पाण्यासाठी झिरा खणतोय. एका सकाळी खडकाच्या कपारीत कुदळ खणकन वाजली. कॅमेरा हाती आला, तेव्हा काच फुटलेली आणि आत वाळू गच्च भरलेली. त्याने तो घरी नेऊन धुतला, पुसला, दार लावून आरशासमोर आपल्या गळ्यात अडकवून पाहिला. मग स्वतःचीच लाज वाटून पिशवीत घातला आणि आसारामच्या दुकानी गेला.

आसारामने कॅमेरा हातात फिरवला आणि परत पुढे केला. "ठेव तुझ्याकडंच. मला कुठं फोटोची आवड हुती? तू 'हलू नका' म्हणायचा, तर पाटीलसुदीक गप उभा ऱ्हायचा. माझा लई जळफळाट व्हायचा रं. म्हणून मेव्हण्याच्या मागं लागून मागवला."

एवढं बोलून तो खताची पोती मोजू लागला.

मच्छिंद्र पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिला. जे आपण मनकर्णालाही सांगू शकलो नाही, ते हा एका दमात सांगून मोकळा झाला. मच्छिंद्रचा हेवा आता आसारामच्या या मोकळेपणावर जाऊन बसला. "माझं बी, आसाराम..." एवढंच तो पुटपुटला.

"काय रं?" आसाराम पोत्यांमागून वळला.

"काय न्हाई. च्या सांग," मच्छिंद्र म्हणाला.