दुसरं समीकरण

आज बाथरूम घासायला तेजाबाची बाटली उघडली आणि त्या वासाबरोबर बाबांचा बारीक भोकं पडलेला खाकी शर्ट आठवला.

युद्धाचे दिवस होते. आई गेल्यावर दारूगोळा फॅक्टरीच्या रांझीतल्या क्वार्टरमध्ये आम्ही दोघंच उरलो होतो. बाबा फॅक्टरीत तेजाबावर बारा तास काम करून सकाळी सातला परतत आणि साडेसातला मी हिंदी शाळेला निघे.

एकदा येत असलेलं गणित मी मुद्दाम कोरं ठेवलं, बाबा शेजारी बसावेत म्हणून. वीस टक्के आणि पन्नास टक्के तेजाब मिसळून तीस टक्क्यांचं बारा लिटर करायचं होतं.

"काहून, येत नाही? अगं, हेच तर करून राहिलो रोज! आण बेटा."

बाबांनी क्ष + य = १२ लिहिलं, "आता दुसरं समीकरण पाहा," म्हणाले आणि पेन्सिल हातात धरूनच झोपले. तेव्हा मला राग आला होता. रात्रभर उभा राहिलेला माणूस माझ्यासाठी बसला होता, हे आता कळतं.

वही तशीच शाळेत नेली.

"दूसरा समीकरण कहाँ है?" गणिताच्या बहनजींनी विचारलं.

"नहीं आता," मी म्हणाले.

"तो कल पिताजी से पूछकर आना."

मी लगेच मान डोलावली.