दोन घरांमधली एक भिंत

आषाढात वैनगंगा फुगली की आमच्या घरी चूल दिवसातून एकदाच पेटायची. पाण्याला जोर असला की जाळं टाकता येत नाही, आणि आम्हा ढिवरांना शेत नव्हतं. कण्यांची पेज आणि मीठ. माय सगळ्यांच्या मागून बसायची आणि पोट भरलं म्हणून सांगायची. मागायचं नाही, हे आमच्यात दुधासोबतच पाजलं जातं.

गाव नदीच्या काठाने एकाच ओळीत होतं. पहिली माणसं डोंग्यातून आली आणि दरडीवर बसली, असं म्हातारे सांगत. त्यांनी घरं एकमेकांना लावून बांधली. दोन घरांत मिळून एकच जाड मातीची भिंत, वर सागाचे म्याल, म्हणजे तुळया, त्यांवर बांबू आणि कवेलूंचं छप्पर. नदीकडची बाजू तेवढी कुडाची, बांबूवर शेणमाती लिंपलेली. पूर घरात शिरायला लागला की पुरुष तो कुड स्वतःच लाथा घालून पाडत. पाणी आरपार जाई, घर उभं राही.

मधली भिंत बसली तर शेजारचंही छप्पर बसणार. म्हणून बांधकामाला कोणी कोणाला बोलावत नसे. माती आणि तणस, म्हणजे भाताचा पेंढा, दारात भिजत घालायचं, बस. सकाळी ओळीतली माणसं लुंगी खोचून तुडवायला हजर.

मग धरणाचं पाणी चढलं आणि गाव उठलं. नवी वसाहत माळावर, नदी दिसत नाही अशा जागी. प्लॉट चिठ्ठ्या टाकून मिळाले, ओळ फुटली. आम्ही टिनाच्या खोलीत राहिलो. मायला दमा होता. टिनाखाली तिचा श्वास पुरत नसे. पावसाआधी घर उभं करायचं, एवढंच तेव्हा आमच्या डोक्यात होतं.

बाबांनी उन्हाळ्यात माती भिजवली आणि वाट पाहत बसले. कोणी आलं नाही. बाबा आणि मी दोघांनीच कमरेएवढ्या भिंती चढवल्या. मी तेव्हा पवनीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. शेवटी मी जुन्या शेजारी काकांकडे गेले.

"मले कसं दिसन बाई, तुया बापानं माती भिजवली ते? मी या टोकाले रायतो," काका म्हणाले.

काकू आतून ओरडल्या, "कालेजवाली माती तुडवून रायली म्हनते! साडीले डाग लागन वो!"

पण दुसऱ्या दिवशी काका त्यांच्या मुलाला घेऊन आले. बाबांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पोरीनं बोलावलं का तुमाले?"

"हो. मंग का झालं?"

"बोलावून आनलेला मानूस गडी असते. मी गडी नाही लावले. जा तुमी."

"डोस्कं फिरलं का बे तुयं?" काका म्हणाले. पण गेले. माय दारात बसून हे ऐकत होती. ती बाबांना एकच वाक्य बोलली, "माह्या छातीले विचारा ना कधी."

मृगात पाऊस आला. उघड्या भिंती विरघळून त्यांचा पुन्हा चिखल झाला. भादव्यात, त्याच टिनाखाली, माय गेली.

तिच्या मातीला जुनी ओळ सगळी आली, न बोलावता. बाबांनी कोणाला तोंड दाखवलं नाही.

दिवाळीनंतर मी परत माती भिजवली आणि घरोघर सांगायला निघाले. बाबा मागून येत होते. मला वाटलं, अडवतील. दुसऱ्या दारात मी तोंड उघडायच्या आत तेच बोलले, "माती भिजली आहे. याले जमन का तुमाले?" एवढं बोलताना त्यांची मान खाली होती. त्यांना मागताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

माणसं आली. सगळी नाही, पण पुरेशी. एक थर वाळला की दुसरा, असं करत फाल्गुनात छप्पर चढलं. त्याच घरात अभ्यास करून मी शेवटच्या वर्षाची परीक्षा दिली आणि बी.ए. पास झाले. आमच्या गावातली मी पहिली पदवीधर.